लष्करी परिचारिका: रुग्णशय्येपलीकडील कामें

(महोत्सव-सप्ताहांत धर्मग्रामांतील पालक व तरुण मंडळी यांच्या सभेपुढें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेंत आमच्या नांवापुढें जो विषय छापला आहे, तो वाचून आपणांपैकीं कित्येकांस अचंबा वाटला असेल. धर्मगुरूनें परिचारिकांच्या नोकरीविषयीं, आणि त्यांतही लष्करी नोकरीविषयीं बोलावें, हें जरा चमत्कारिकच. परंतु ज्याच्या घरची एखादी लेक, सून अथवा भाची कोणत्या ना कोणत्या इस्पितळांत काम करीत नाहीं, असें कुटुंब आपल्या धर्मग्रामांत शोधूनही क्वचितच सांपडेल. दरवर्षीं बारावीचा निकाल लागला म्हणजे कांहीं मुली आईबापांसह आमच्याकडे शिफारसपत्रासाठीं येतात, आणि त्यांच्याशीं बोलतांना आम्हांस एक गोष्ट वारंवार आढळून येते. आईबापांच्या मनांत परिचारिकेचें एकच चित्र असतें: पांढरा पोशाख, हातांत औषधांचें तबक, आणि डॉक्टरांच्या मागून दोन पावलें अंतर ठेवून चालणें. लष्कराचें नांव काढलें कीं त्याच चित्रांत एक तंबू आणि दूरवर तोफांचा आवाज एवढीच भर पडते, आणि मग आई म्हणते, "नको फादर, आमच्या पोरीला जवळच कुठें तरी लागूं द्या."

हें चित्र खोटें नाहीं, पण अपुरें आहे. लष्करानें परिचारिकेस ज्या ज्या ठिकाणीं नेलें, त्या त्या ठिकाणीं डॉक्टर तिच्या सोबत होताच असें नाहीं. त्यामुळें जें काम एऱ्हवीं दुसऱ्या कोणीं करावयाचें तें तिच्या अंगावर आलें. आणि तिनें तें एकदां करून दाखविल्यावर तें तिचेंच होऊन बसलें. ही हकीकत कशी घडली तें आज थोडें विस्तारानें सांगावें असा आमचा मानस आहे.

प्रारंभ कराचीपासून करूं. कराची हें १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांतलेंच बंदर होतें; आपल्या वाडवडिलांस तें परकें नव्हतें. दुसऱ्या महायुद्धांत तेथें अमेरिकन सैन्याचा तळ पडला होता. जानेवारी १९४३ मध्यें तेथील एल्सी ऑट नांवाच्या एका परिचारिकेस हुकूम आला कीं, पांच रोग्यांस घेऊन विमानानें थेट वॉशिंग्टनला जावयाचें. तयारीस मिळाला अवघा एक दिवस. ही बाई तोंवर जन्मांत कधीं विमानांत बसली नव्हती. रोग्यांपैकीं कोणी शरीरानें पंगु, तर कोणी मनानें ढासळलेला. बरोबर डॉक्टर नाहीं. मदतीला एक लष्करी सेवक, तोही स्वतः आजारी. विमानांत औषधोपचाराची सामग्री म्हणावी तर प्रथमोपचाराच्या पेटीपलीकडे फारसें कांहीं नाहीं. आफ्रिका ओलांडून, दक्षिण अटलांटिकवरून, ब्राझीलमार्गें हें विमान सुमारें साडेसहा दिवसांनीं वॉशिंग्टनला उतरलें. पांचही रोगी सुखरूप पोंचले. हाच प्रवास जहाजानें केला असता तर सुमारें तीन महिने लागले असते.

आतां खरी लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. ही बाई केवळ रोगी पोंचते करून थांबली नाहीं. वाटेंत काय उणें पडलें तें तिनें नोंदवून ठेविलें: प्राणवायु हवा, जखमा बांधण्याचें साहित्य अधिक हवें, पांघरुणें अधिक हवींत, आणि परिचारिकेचा घागऱ्याचा पोशाख विमानांत कुचकामाचा आहे, तेथें विजारच पाहिजे. ही शेवटची सूचना वाचून त्या काळच्या वरिष्ठांनीं कपाळाला आंठ्या घातल्या कीं नाहीं, कोण जाणे! परंतु त्याच वर्षीं मार्चमध्यें एल्सी ऑट हिला हवाई पदक देण्यांत आलें, आणि अमेरिकन सैन्यांत तें मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढें रीतसर शिक्षण घेऊन ती पुन्हां हिंदुस्थानांत विमानी परिचारिका म्हणून आली.

रीतसर शिक्षण म्हणण्याचें कारण, केंटकी प्रांतांत बोमन फील्ड येथें अमेरिकन सैन्यानें विमानांतून रोगी नेण्याच्या कामाची शाळाच काढली होती. तिची पहिली तुकडी १८ फेब्रुवारी १९४३ रोजीं बाहेर पडली. तेथें काय शिकवीत असत? आपणांपैकीं जीं मुलें पदार्थविज्ञान शिकत आहेत त्यांनीं येथें कान द्यावा. जसजसें वर जावें तसतसा हवेचा दाब कमी होतो. अठरा हजार फुटांवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. दाब कमी झाला म्हणजे कोंडलेली हवा फुगते. मग ज्याच्या पोटास जखम आहे त्याच्या आंतड्यांतली हवा फुगते. ज्याच्या छातींत गोळी लागून फुप्फुसाभोंवतीं हवा शिरली आहे त्याचें फुप्फुस आणखी दबतें. प्राणवायु विरळ होतो, म्हणून ज्याचें रक्त फार वाहून गेलें आहे तो जमिनीवर बरा दिसत असला तरी वर जातांच काळानिळा पडूं लागतो. शिवाय यंत्राचा आवाज इतका कीं नळी कानाला लावूनही छातीचे ठोके ऐकूं येत नाहींत. अशा स्थितींत रोग्याचा चेहरा, नखांचा रंग आणि नाडी एवढ्यावरून निर्णय करावयाचा. आणि तो एकटीनें करावयाचा, कारण विमानांत बहुधा ती आणि एक सेवक एवढेच असत. वैमानिकास "विमान खालीं आणा" असें सांगावयाचें तें तिनेंच.

धोकाही तिच्या वांट्याला पुरेपूर आला. हीं विमानें जातांना दारूगोळा व सैनिक नेत आणि येतांना जखमी आणीत. म्हणून त्यांवर रेडक्रॉसचें चिन्ह रंगवितां येत नसे, आणि शत्रूस तीं पाडण्याची मुभा असे. ८ नोव्हेंबर १९४३ रोजीं सिसिलीहून निघालेलें असेंच एक विमान वादळांत भरकटून जर्मनांनीं व्यापलेल्या आल्बानियांत उतरलें. त्यांत तेरा परिचारिका होत्या. डोंगरांतून, बर्फांतून, खेडुतांच्या घरीं लपतछपत बहुतेक मंडळी दोन महिन्यांनीं समुद्रकांठीं पोंचली. ताटातूट झालेल्या तिघी परिचारिका तर मार्च १९४४ मध्यें सुटल्या. सर्व तेराही जणी जिवंत परतल्या. परंतु त्या युद्धांत सतरा विमानी परिचारिकांनीं प्राण गमाविले, हेंही येथें सांगितलें पाहिजे. सुमारें पांचशें परिचारिकांनीं हें काम केलें. युद्धकाळांत विमानांतून नेलेल्या साडेअकरा लाखांहून अधिक रोग्यांपैकीं वाटेंत मृत्यु पावले ते अवघे सेहेचाळीस. आतां तर अमेरिकन हवाई दलांत अत्यवस्थ रोग्यांसाठीं तिघांचें पथक असतें: एक डॉक्टर, एक अतिदक्षता-परिचारिका, आणि एक श्वसनयंत्र सांभाळणारा. विमानाच्या पोटांत हे तिघे मिळून एक लहानसें इस्पितळच उभें करितात.

आपण म्हणाल, हें सारें अमेरिकेचें झालें. आमच्या मुलींस त्याचें काय? तर विमानाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवा आणि पायाखालची जमीनच उंच असेल तर काय होईल याचा विचार करा. लेह समुद्रसपाटीपासून सुमारें साडेअकरा हजार फूट उंच आहे. तेथें आपल्या सैन्याचें मोठें इस्पितळ आहे आणि आपल्या लष्करी परिचारिका तेथें नेमल्या जातात. १९६२ च्या युद्धानंतर हजारों जवान मैदानांतून घाईनें त्या उंचीवर गेले, तेव्हां धडधाकट तरुणांच्या फुप्फुसांत एकाएकीं पाणी भरून येण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर दिसूं लागला. आपल्या सैन्यांतील डॉक्टर इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९६५ मध्यें त्याविषयीं जें लिहिलें तें जगभर वाचलें गेलें. हा आजार बहुधा वर पोंचल्यापासून दोनचार दिवसांत, आणि पुष्कळदां रात्रीं बळावतो. संध्याकाळीं ज्याला नुसता खोकला होता तो पहाटे धापा टाकतो, थुंकीत गुलाबी फेंस दिसतो. वेळींच प्राणवायु मिळाला आणि रोग्यास खालीं उतरविलें तर तो झपाट्यानें सुधारतो. उशीर झाला तर जातो. आतां आम्हांस सांगा, रात्रीं दोन वाजतां दालनांत जागें कोण असतें? खोकल्याचा आवाज बदलला हें प्रथम कोणाच्या कानांवर पडतें? वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या पातळीला वाढलेली एखादी मुलगी हिमालयांत विरळ हवेची अशी राखण करीत बसावी, यांत आम्हांस तरी मोठें कौतुक वाटतें.

दुसरें काम भूल देण्याचें. आपल्या देशांत भूल देणें हें डॉक्टरांचें काम समजलें जातें, आणि तें तसेंच आहे. परंतु अमेरिकेंत हें एक स्वतंत्र परिचारिका-शास्त्र झालें, आणि त्याचें मूळ शोधूं गेल्यास आपण एका कॅथलिक इस्पितळाच्या दारांत येऊन थांबतों. पेनसिल्व्हेनियांतील ईरी गांवीं सेंट व्हिन्सेंट इस्पितळांत १८७७ सालीं सिस्टर मेरी बर्नार्ड नांवाच्या धर्मभगिनी हें काम करूं लागल्या. भूल देण्याचें खास काम करणारी नांवनिशीवार ठाऊक असलेली पहिली परिचारिका ती हीच. पुढें रॉचेस्टर येथें, फ्रान्सिस्कन भगिनींच्या सेंट मेरीज इस्पितळांत, ॲलिस मॅगॉ या बाईंनीं चौदा हजारांवर रोग्यांस भूल दिल्याचें व भुलीमुळें एकही न दगावल्याचें १९०६ मध्यें प्रसिद्ध केलें. तो काळ ईथर-क्लोरोफॉर्मचा. थेंब जास्त पडला कीं श्वास बंद! पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या रणभूमीवर जखमींची रांग लागली, तेव्हां शस्त्रक्रिया करणारे हात पुष्कळ आणि भूल देणारे थोडे अशी अवस्था झाली. अमेरिकन परिचारिकांनीं ती उणीव भरून काढिली आणि आघाडीवर इतरांसही हें काम शिकविलें. पुढें अमेरिकन सैन्यानें आघाडीलगत शस्त्रक्रिया करणारीं वीस माणसांचीं फिरतीं पथकें उभारलीं, त्यांतही भूल देण्याची जबाबदारी मुख्यत्वें परिचारिकांवरच असे.

मनाच्या जखमांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, आणि छावणींत रोगाची सांथ येऊं नये म्हणून पाणी, लस, डांस यांच्यामागें लागणाऱ्या परिचारिका, यांचेविषयीं थोडक्यांतच सांगतों. तें काम गाजत नाहीं, पण चालतें तें त्यांच्यामुळेंच. या दुसऱ्या कामाच्या इतिहासांत एक नांव आहे तें मात्र वगळवत नाहीं. क्लारा मास ही १८९८ च्या स्पॅनिश युद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं काम केलेली परिचारिका. पिवळा ताप डांसांमुळें होतो किंवा कसें, याच्या प्रयोगासाठीं हॅवाना येथें तिनें आपण होऊन डांस चावून घेतले, आणि २४ ऑगस्ट १९०१ रोजीं, पंचविसाव्या वर्षीं ती मरण पावली. त्यानंतर माणसांवरील ते प्रयोग तेथें बंद पडले. हिचें धैर्य आम्ही मानतों. परंतु ज्यांनीं तिला तें करूं दिलें त्यांचें करणें योग्य होतें असें म्हणावयास आमची जीभ वळत नाहीं. परिचारिका ही सोसणारी असतेच, म्हणून तिला कितीही सोसावयास लावावें, ही समजूत इस्पितळांत अजून पुरती गेलेली नाहीं.

आतां आपल्या देशांतील लष्करी परिचर्या-सेवेकडे वळूं. १८८८ सालीं दहा इंग्रज परिचारिका लष्करी इस्पितळांची व्यवस्था लावण्यासाठीं मुंबईस उतरल्या, येथून तिचा उगम धरतात. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभीं, १९१४ मध्यें, या देशांतच परिचारिका भरती होऊं लागल्या. १ ऑक्टोबर १९२६ रोजीं ही सेवा सैन्याचा कायमचा भाग झाली. आणि १९४३ च्या वटहुकुमानें तिला आजचें स्वरूप आलें. हा वटहुकूम स्त्रियांपुरताच आहे, म्हणून आमच्या मुलांना या सेवेंत अधिकारी होतां आलेलें नाहीं. त्यांना सैन्याच्या वैद्यकीय दलांत शुश्रूषा-सहाय्यक म्हणून जवानांच्या भरतींतून जावें लागतें. अमेरिकेंत १९५५ पासून पुरुषही परिचारक-अधिकारी होतात. आपल्याकडेही ही भिंत पडावी असें आम्हांस वाटतें.

या सेवेंतील मुलगी शिक्षण संपतांच लेफ्टनंट होते. नौदलाच्या, हवाई दलाच्या आणि भूसेनेच्या इस्पितळांत तिची बदली होते; परदेशीं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबरही आपल्या परिचारिका गेल्या आहेत. पुढें शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता, मनोरोग इत्यादि शाखांचें विशेष शिक्षण घेतां येतें, परिचर्या-महाविद्यालयांत अध्यापिका होतां येतें. आणि वर किती चढतां येतें? ऑगस्ट १९७६ मध्यें गर्ट्रूड ॲलिस राम या परिचारिका मेजर जनरल झाल्या. आपल्या तीनही दलांत त्या हुद्द्यावर पोंचलेली ती पहिली स्त्री. आणि ती डॉक्टर नव्हे, परिचारिका होती, हें विसरूं नये. अमेरिकेंत तर पॅट्रिशिया होरोहो ही परिचारिका डिसेंबर २०११ मध्यें भूसेनेच्या संपूर्ण वैद्यकीय विभागाची मुख्य झाली. त्या आसनावर तोंवर एकही स्त्री अथवा परिचारिका बसलेली नव्हती.

येथपर्यंत गोड बाजू झाली. परंतु आपल्यापुढें निम्मी गोष्ट ठेवून मुलींस पाठविणें आम्हांस पटणार नाहीं. १९७७ च्या एका लष्करी हुकुमान्वयें, परिचारिका-अधिकाऱ्यानें विवाह केला तर तिला सेवेंतून काढतां येत असे. पुरुष अधिकाऱ्यानें विवाह केला तर त्याला मेजवानी, आणि परिचारिकेनें केला तर तिला घरची वाट! १९८८ मध्यें एका लेफ्टनंट परिचारिकेनें सैन्यांतल्याच एका अधिकाऱ्याशीं विवाह केला, आणि त्याच वर्षीं तिची नोकरी गेली. तो हुकूम १९९५ मध्यें रद्द झाला. परंतु त्या बाई न्यायालयाच्या पायऱ्या चढतच राहिल्या, आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना साठ लक्ष रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. तो नियम उघडउघड मनमानीचा व स्त्रियांवर अन्याय करणारा होता, असें न्यायालयानें म्हटलें. छत्तीस वर्षें! पैसे मिळाले, पण ती ज्या हुद्द्यांपर्यंत गेली असती ते कोण परत देणार? आज विवाहानंतर नोकरी जात नाहीं. मात्र बदल्या होतात, त्या लांबच्या होतात, आणि पतीची नोकरी एका टोंकाला व पत्नीची दुसऱ्या टोंकाला अशी स्थिति कांहीं वर्षें येऊं शकते. ज्या घरीं लेकीचें अथवा सुनेचें स्थळ पाहावयाचें आहे, त्यांनीं याचा विचार आधींच, मोकळेपणानें, मुलीला समोर बसवून करावा.

उरली प्रवेशाची माहिती. पुणें, मुंबई, दिल्ली, कोलकाता, लखनौ आणि बंगळूर या सहा ठिकाणीं लष्कराचीं परिचर्या-महाविद्यालयें आहेत. मुंबईचें कुलाब्यास, नौदलाच्या अश्विनी इस्पितळांत आहे. अभ्यासक्रम चार वर्षांचा, बी.एस्सी. पदवीचा. २०२४ च्या जाहिरातींत साऱ्या देशासाठीं मिळून २२० जागा होत्या, तेव्हां चुरस किती असेल याची कल्पना करावी. अलीकडे निवड नीट परीक्षेच्या गुणांवरून, त्यानंतरची सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी यांवरून होते. प्रवेशाच्या वेळीं विवाहित मुलगी चालत नाहीं, आणि शिक्षणानंतर ठराविक वर्षें सेवा करण्याचें बंधपत्र लिहून द्यावें लागतें. तें आईबापांनीं सही करण्यापूर्वीं अक्षरशः वाचावें. बारावीला पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, आणि परीक्षा पहिल्याच प्रयत्नांत निदान पन्नास टक्के गुणांनीं उत्तीर्ण झालेली असावी. म्हणजे निर्णय बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीला शाखा निवडतांनाच करावयाचा असतो. दरवर्षींच्या जाहिरातींत अटी थोड्याफार बदलतात, यास्तव जुन्या ऐकीव माहितीवर विसंबूं नये. लष्कराच्या भरतीविभागाची ताजी जाहिरात पाहावी. फॉर्म भरून देतों म्हणून पैसे मागणारे दलाल भेटतील, त्यांना दारांतूनच परत पाठवावें.

आमच्या माहितींतील दोघी निवृत्त लष्करी परिचारिका पुढील रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या दिवाणखान्यांत बसणार आहेत. ज्यांना चौकशी करावयाची असेल त्यांनीं तेथें यावें, आणि येतांना मुलीसही घेऊन यावें. प्रश्न तिनेंच विचारावेत.